डिस्क भरली, पण कशाने?

अमेरिकेतल्या मेरिलँड विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेत १९९० साली ८० मेगाबाइटची एकच हार्ड डिस्क १४ जण मिळून वापरत होते, आणि ती सारखी भरत होती. जागा कोणाच्या फायलींनी अडवली हे शोधायचे, तर एकेक फोल्डर उघडून पाहावा लागे. संगणकशास्त्राचे प्राध्यापक बेन श्नाइडरमन यांनी त्यावर तोडगा काढला. अख्खी डिस्क पडद्यावर एका आयतात मांडायची आणि फाइल जितकी मोठी तितका तिचा चौकोन मोठा ठेवायचा. नजर टाकताच अपराधी सापडे. ही मांडणी ‘ट्रीमॅप’ या नावाने जगभर गेली. पुढे शेअर बाजाराचे चढउतार दाखवणारे नकाशेही तिच्यावर बेतले गेले.

आज ८० मेगाबाइटमध्ये मोबाइलचे जेमतेम पंचवीसएक फोटो मावतात. डिस्क हजारो पटींनी मोठ्या झाल्या, तरी मालकाला सरळ हिशेब मिळत नाही. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये फोल्डरसमोरचा आकाराचा रकाना आजही कोरा असतो. सेटिंग्जमधल्या स्टोरेजच्या पानावर थोडीफार वर्गवारी मिळते, पण त्यातही ‘इतर’ नावाचा एक ढीग असतोच. अ‍ॅपलच्या मॅकवर याच ढिगाचे नाव ‘सिस्टिम डेटा’. पैसे मोजून घेतलेल्या यंत्रात काय साठले आहे, हे ‘इतर’ म्हणून सांगणे ग्राहकावर अन्याय करणारे आहे. सोपा उपाय तीसहून अधिक वर्षे उपलब्ध असताना तर अधिकच.

जागा खाणाऱ्या गोष्टी बहुधा नजरेआडच असतात. संगणक ‘हायबरनेट’ करता यावा म्हणून विंडोज एक लपलेली फाइल राखून ठेवते; १६ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ती सहज सहा जीबीच्या आसपास जाते. आयफोनचा बॅकअप विंडोजच्या संगणकावर घेतला, तर तो अनेकदा ‘अ‍ॅपडेटा’ या लपलेल्या फोल्डरात जाऊन बसतो. फोन विकला, नवा आला, तरी जुन्याचा बॅकअप तिथेच. विंडोजची नवी आवृत्ती बसवली की जुनी ‘विंडोज डॉट ओल्ड’मध्ये काही दिवस मुक्काम ठोकते, तीही कित्येक जीबींची. म्हणून दिसणाऱ्या फोल्डरांची बेरीज केली, तर ती भरलेल्या जागेशी जुळत नाही आणि माणूस व्हायरसच्या शंकेने हैराण होतो.

एक तफावत मात्र निव्वळ मोजमापाची आहे. एक टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४च्या. तिथे कोणी काही चोरलेले नसते.

जागा कशाने अडवली हे शोधणे अवघड नाही, खर्चाचे तर मुळीच नाही. विंडोजसाठी ‘विनडरस्टॅट’ २००३ पासून फुकट मिळते, मॅकसाठी ‘ग्रँडपर्स्पेक्टिव्ह’ आहे, आणि युनिक्समध्ये ‘डीयू’ ही आज्ञा १९७१ पासून आहे. विनडरस्टॅट चालवले की श्नाइडरमन यांचेच रंगीत चौकोन समोर येतात. अनेकदा सर्वांत मोठा चौकोन एखाद्या विसरलेल्या व्हिडिओचा किंवा ‘डाउनलोड्स’मध्ये पडून राहिलेल्या इन्स्टॉलरचा निघतो.

दिसले म्हणून लगेच पुसायचे, असेही नाही. विंडोजचा ‘विनएसएक्सएस’ हा फोल्डर अवाढव्य दिसतो, पण त्यातल्या बऱ्याच फायली विंडोजच्या दुसऱ्या फोल्डरांतही दाखवल्या जातात आणि मोजणीत दोनदा येतात. तो हाताने उडवला, तर संगणक सुरूच न होण्याचा धोका असतो. विंडोजच्या फोल्डरातली सफाई ‘डिस्क क्लीनअप’वर सोपवावी, आपण हात लावावा तो आपल्याच फायलींना.

‘तुमचा पीसी भरला आहे’ असे ओरडत पडद्यावर येणाऱ्या जाहिरातींतली सफाईची सॉफ्टवेअर मात्र उतरवू नयेत. कोणती फाइल कशाची हे न सांगता पुसणाऱ्यावर घरातल्या फोटोंचा आणि कागदपत्रांचा भरवसा टाकणे धोक्याचे आहे. नवी डिस्क घेण्याआधी किंवा क्लाउडचे मासिक भाडे सुरू करण्याआधी एकदा हा चौकोनांचा नकाशा पाहा, सर्वांत मोठे पाचदहा चौकोन कशाचे आहेत ते तपासा, आणि जपायच्या फायलींची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवल्याशिवाय काहीही पुसू नका.