विंडोजवाल्यांची पंगत मागच्या अंगणात

ओपन सोर्स लायब्ररीच्या डॉक्समध्ये एक वाक्य हमखास सापडतं : 'विंडोज वापरत असाल तर वेगळं पान पाहा.' दिसायला मोठं अदबीचं वाक्य. माझं भांडण त्याच्याशीच आहे. लग्नाला बोलवायचं आणि दारात हसून सांगायचं, 'तुमची पंगत मागच्या अंगणात,' अशातला हा प्रकार आहे.

विंडोजची वकिली करायला मी बसलेलो नाही. माझा आक्षेप मांडणीवर आहे. अशा डॉक्समध्ये एक प्लॅटफॉर्म बिननावाचा असतो आणि बाकीच्यांना नावं असतात. बिननावाचा तो 'नेहमीचा', नावाचे ते 'अडचणीचे'. बिननावाचा प्लॅटफॉर्म बहुधा मेंटेनरच्या टेबलावरचा असतो, लिनक्स नाहीतर मॅक. वाचणारी मुलगी मात्र घरातल्या सेकंडहँड विंडोज लॅपटॉपसमोर बसलेली असते. उदाहरण चाललं नाही की तिला वाटतं, आपल्यालाच कळत नाही. उदाहरण फक्त लिनक्सवर तपासलेलं आहे हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

आपल्या जिव्हाळ्याचं उदाहरण घ्या. पायथनमध्ये 'ओपन' वापरून मराठी मजकुराची फाइल वाचायची आहे. एन्कोडिंग सांगितलं नाही तर पायथन आजवर सिस्टीमचं एन्कोडिंग धरत आला. लिनक्स आणि मॅकवर ते बहुधा यूटीएफ-८ असतं, इंग्रजीत चालणाऱ्या विंडोजवर बहुधा विंडोज-१२५२. आता फाइलमध्ये 'पुणे' लिहिलं असेल तर ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट १२५२च्या तक्त्यात रिकाम्या जागेवर पडतो आणि प्रोग्रॅम एरर देऊन थांबतो. हलन्ताचंही तेच, म्हणजे जोडाक्षर आलं की संपलं. 'आई' लिहिलं असेल तर मात्र एररसुद्धा येत नाही. शब्दाच्या जागी परकी चिन्हं येतात आणि प्रोग्रॅम खुशाल पुढे जातो. हे जास्त वाईट.

पायथनच्या स्वतःच्या डॉक्समध्ये ही गोष्ट त्याच फंक्शनच्या माहितीत लिहिलेली आहे. ३.१५ या आवृत्तीपासून यूटीएफ-८ हेच डीफॉल्ट धरायचंही ठरलं आहे. पण पायथनवर उभ्या असलेल्या कितीतरी लायब्रऱ्यांच्या उदाहरणांत एन्कोडिंगचा उल्लेख नसतो. असलाच तर शेवटी, 'विंडोजवरील अडचणी' या पानावर. एका लायब्ररीला मी सुचवलं की ही एक ओळ उदाहरणातच घाला. उत्तर आलं, 'त्यासाठी वेगळं पान आहे ना!' आहे. पण अडचण येण्याआधी ते पान उघडायचं हे कुणाला सुचणार? खड्ड्याची पाटी खड्ड्यापाशी लावायची असते, नगरपालिकेच्या कचेरीत नाही.

चांगली मांडणी कशी असते, तेही पायथनमध्येच पाहा. फाइलचं नाव बदलणारं 'रीनेम' फंक्शन. नव्या नावाची फाइल आधीच असेल तर विंडोजवर एरर येते. युनिक्सवर, परवानगी असेल तर, जुनी फाइल न विचारता जाते. दोन्ही वागणुका त्याच फंक्शनखाली, दोन्ही प्लॅटफॉर्मची नावं घेऊन लिहिल्या आहेत. सगळीकडे सारखं वागणारं 'रीप्लेस' वापरा, असंही तिथेच सांगितलं आहे. इथे डेटा जाण्याचा धोका कुठे आहे? ज्याला आपण बिननावाचा, नेहमीचा समजतो, त्याच बाजूला.

शिवाय बिननावाचा प्लॅटफॉर्म कायम तसाच राहतो, हाही भ्रम आहे. पायथनच्या मल्टीप्रोसेसिंगमध्ये नवी प्रोसेस सुरू करण्याची पद्धत विंडोजवर 'स्पॉन' होती, मॅक आणि लिनक्सवर 'फोर्क'. ३.८ मध्ये मॅक 'स्पॉन'वर गेला. ३.१४ मध्ये लिनक्सनेही 'फोर्क' सोडून 'फोर्कसर्व्हर' धरला. विंडोजवाल्यांना वर्षानुवर्षं सांगितली जाणारी खबरदारी, मुख्य कोड वेगळ्या अटीखाली ठेवण्याची, आता लिनक्सवाल्यांनाही लागू आहे. ज्या डॉक्सनी ती मागच्या अंगणात ठेवली, त्यांच्या पुढच्या दारातले पाहुणेही आता तिथेच शोधाशोध करणार.

म्हणून माझी मागणी साधी आहे. सगळीकडे सारखं असेल ते आधी लिहा. फरक असेल तर तो जिथे बोचतो त्याच ओळीखाली लिहा आणि प्रत्येक प्लॅटफॉर्मचं नाव घ्या, लिनक्सचंही. वेगळी खोली फक्त त्याच गोष्टीला द्या, जी एकाच प्लॅटफॉर्मवर अस्तित्वात आहे. रस्टने युनिक्स आणि विंडोजच्या खास सोयींसाठी वेगळे मोड्यूल ठेवले आहेत. तिथे प्लॅटफॉर्मचं नाव कोडमध्येच लिहावं लागतं, त्यामुळे फसगत होत नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला : पान गजबजेल. एका ओळीने पान गजबजत नाही. आणि वाचणाऱ्याचे तीन तास वाचत असतील तर थोडी गजबज परवडली. दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे : आम्ही फुकट काम करतो, विंडोजचं मशीन आमच्याकडे नाही. मान्य. पण सार्वजनिक प्रकल्पांना गिटहब तिन्ही सिस्टीमवर चाचण्या मोफत चालवू देतं. डॉक्समधली उदाहरणं तिथे चालवा, कुठे काय मोडतं ते आपोआप कळेल. तेवढाही वेळ नसेल तर चार शब्द लिहा : 'फक्त लिनक्सवर तपासलं आहे.' या चार शब्दांना काही खर्च नाही. चुकीचं खापर मात्र ते वाचणाऱ्याच्या डोक्यावरून उतरवतात.

आणि तुम्ही, जे फोनवर हे वाचताय आणि उद्या कुठल्यातरी लायब्ररीत पहिला बदल पाठवायचा विचार करताय, तुम्हाला कोडच लिहावा लागेल असं नाही. ज्या उदाहरणापाशी तुम्ही अडलात, त्याच्याखाली आपल्या प्लॅटफॉर्मचं नाव आणि उपाय लिहून पाठवा. मेंटेनर म्हणाला की त्यासाठी वेगळं पान आहे, तर त्याला विचारा : मग लिनक्सचं वेगळं पान कुठे आहे?