सर्वांत चांगले तेल कोणते? – हा प्रश्नच चुकीचा!



लेण्याद्रीच्या पायथ्याशी, कुकडीच्या खोऱ्यात, बैलगाडी तुम्ही पाहिलेली आहेच. तिची एक गोष्ट मात्र बहुधा तुमच्या नजरेतून सुटली असेल. गाडीचा आस फिरत नाही. त्याच्या दोन टोकांवरची चाके आपापली स्वतंत्र फिरतात. त्यामुळे वळणावर बाहेरचे चाक जास्त फिरते, आतले कमी फिरते आणि कोणाचेच अडत नाही. आसाला वंगण लावले की झाले.

मोटारीचे तसे नाही. तिची चाके इंजिनाने फिरवायची असतात. दोन्ही चाके एकाच दांड्याला पक्की बसवली, तर वळणावर एका चाकाला घसरावेच लागेल. किती? दोन चाकांमधील अंतर १.५ मीटर धरा. मोटारीने एक पूर्ण वर्तुळ घेतले, तर बाहेरच्या चाकाचा मार्ग २π × १.५, म्हणजे सुमारे ९.४ मीटर जास्त भरतो. गंमत अशी, की वर्तुळ शाळेच्या मैदानाएवढे असो की जुन्नर तालुक्याएवढे, हा फरक तेवढाच राहतो! असे का व्हावे, ते वहीत मांडून पाहा.

ही अडचण डिफरन्शियल नावाची दंतचक्रांची जुळणी सोडवते. फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकरने ती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वाहनासाठी योजली. ती दोन्ही चाकांना सारखाच पीळ देते, पण वेग मात्र ज्याचा त्याला ठरवू देते. उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर, माळशेज घाट चढणारी एस. टी. आणि शर्यतीची मोटार, या सर्वांत ती असते.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. मोटारींची आवड असलेले विद्यार्थी मला नेहमी विचारतात, “सर, चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टैसारख्या धावपट्टीवर स्पोर्ट्‌स कार पळवायची, तर डिफरन्शियलमध्ये सर्वांत चांगले तेल कोणते?” पुष्कळांच्या मनात उत्तर तयार असते : सर्वांत दाट आणि सर्वांत महाग. माझे मत असे, की हे उत्तर तर चूक आहेच, पण प्रश्नही चुकीचा आहे. “माझ्या डिफरन्शियलमध्ये तेल किती तापते आणि त्या तापमानाला ते किती दाट राहते?” असा प्रश्न हवा.

प्रथम उष्णतेचा हिशेब करू. मागची चाके फिरवणाऱ्या मोटारीत क्राऊन आणि पिनियन ही चक्रे बहुधा हायपॉइड प्रकारची असतात. त्यांचे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, तर दाबाखाली घासत सरकतात. तिथे काही शक्ती उष्णतेत जाणारच. धावपट्टीवर सरासरी ८० किलोवॅट शक्ती मागच्या चाकांकडे जाते आणि तिच्यातील ३ टक्के डिफरन्शियलमध्ये वाया जाते, असे धरा. म्हणजे २.४ किलोवॅट. कपडे इस्त्री करण्याच्या दोन मोठ्या इस्त्र्या त्या लोखंडी पेटीत सतत चालू आहेत, असे समजा! तेल असते जेमतेम एक किलोग्रॅम. पेटी आणि चक्रे मिळून ३० किलोग्रॅम धरू. तेलाची विशिष्ट उष्णता सुमारे २ आणि लोखंडाची ०.४६ किलोज्यूल प्रति किलोग्रॅम प्रति अंश. तेव्हा एका अंशाला सुमारे १६ किलोज्यूल लागतील आणि तापमान दर मिनिटाला ९ अंशांनी चढेल. वारा काही उष्णता नेतो म्हणून ते कुठेतरी स्थिरावते. पण साध्या रस्त्यावर संथ गतीने जाताना शक्ती याच्या एकषष्ठांशही लागत नाही. रस्त्यावर वर्षभर बिनतक्रार चालणारे तेल धावपट्टीवर पाऊण तासात का हार खाते, ते आता ध्यानात येईल.

दुसरी गोष्ट श्यानतेची, म्हणजे दाटपणाची. तेल तापले की पातळ होते. ८०डब्ल्यू-९० या सामान्य गिअर तेलाची श्यानता ४० अंश सेल्सियसला साधारण १४० सेंटिस्टोक असते, तर १०० अंशांना १४-१५ उरते, म्हणजे एकदशांश! दातांमधील तेलाचा पापुद्रा याच उरलेल्या दाटपणावर टिकायचा असतो.

“मग १४० क्रमांकाचे तेल घालून मोकळे व्हा,” असे कोणी म्हणेल. थांबा. तेल दाट असले, तर ते घुसळायलाही जास्त शक्ती लागते आणि तीही उष्णताच होते. १४० क्रमांकाचे तेल १२० अंशांना जवळपास तितकेच दाट असते, जितके ९० क्रमांकाचे १०० अंशांना. म्हणून तापमान खरोखर १२०च्या पुढे जात असेल, तर १४०ला अर्थ आहे. ते ८०वरच थांबत असेल, तर जास्तीचा दाटपणा इंधन खाईल आणि तेल विनाकारण तापवील. मोजल्याशिवाय निवड म्हणजे नाडी न पाहता औषध देणे.

डब्यावरचे आकडेही नीट वाचायला शिका. ‘डब्ल्यू’च्या अलीकडचा आकडा थंडीतले वागणे सांगतो. ८५डब्ल्यूची कसोटी उणे १२ अंशांना होते, तर ७५डब्ल्यूची उणे ४० अंशांना! जुन्नरची थंडी कडक खरी, पण तिथपर्यंत काही जात नाही. इंजिन तेलाचे आणि गिअर तेलाचे क्रमांक वेगळ्या मापपट्टीवरचे आहेत, हेही विसरू नका. गिअरचे ९० हे इंजिनाच्या ४०-५० इतकेच दाट असते.

पापुद्रा फाटलाच, तर रसायनशास्त्र धावून येते. गिअर तेलाला जो उग्र वास असतो, तो त्यातील गंधकाच्या संयुगांचा. दातांच्या तप्त टोकांवर गंधक आणि फॉस्फरसची संयुगे लोखंडाशी संयोग पावतात आणि एक पातळ थर तयार होतो. तो झिजतो, पण दात वाचवतो. जीएल-५ प्रतीच्या तेलात ही द्रव्ये जीएल-४पेक्षा पुष्कळ जास्त असतात, म्हणून हायपॉइड चक्रांना ते योग्य. पण तेच तेल, पुस्तिकेत जीएल-४ सांगितले असताना, गिअरबॉक्समध्ये ओतले तर तिथल्या पितळी कड्यांना ते बाधू शकते. चांगले तेल चुकीच्या जागी वाईट ठरते, ते असे.

शर्यतीच्या मोटारीत आणखी एक गुंता असतो. ट्रॅक्टरचे एक चाक चिखलात नुसते गरगरते आणि दुसरे स्वस्थ उभे राहते, हे तुम्ही पाहिले असेल. तेव्हा चालक डिफरन्शियल लॉक लावतो. वेगात वळताना मोटारीचे आतले चाक हलके होऊन असेच गरगरते. ते आवरण्यासाठी काही मोटारींत घर्षण-चकत्या बसवतात. अशा जागी तेलात घर्षण सौम्य करणारे द्रव्य लागते. ते कमी पडले तर चकत्या धक्के देत कुरकुरतात. जास्त झाले तर त्यांची पकडच सैल होते. किती घालायचे, हे जाहिरात नव्हे, त्या डिफरन्शियलची पुस्तिका सांगते.

हा नुसता पैशाचा प्रश्न नाही. तेल संपून चक्रे तापून चिकटली, तर भर वेगात मागची चाके जखडतात. तिथे जीव टांगणीला लागतो. हीच गोष्ट ओव्हरलोड ट्रॉली घाटातून उतरवणाऱ्याचीही.

मग करावे काय? पुस्तिकेतील प्रत आणि क्रमांक यांपासून सुरुवात करावी. तापमान मोजावे. ते फार चढत असेल, तर एक पायरी वरचा क्रमांक किंवा तापल्यावर कमी पातळ होणारे कृत्रिम तेल घ्यावे आणि पुन्हा मोजावे. धावपट्टीवर वापरलेले तेल लवकर बदलावे; काढताना त्यात लोखंडाचा चुरा दिसतो का, ते पाहावे. आणि ते काळे तेल ओढ्यात किंवा कुकडीत ओतू नये. ते अधिकृत संकलकाकडे द्यावे.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. एरंडेल तेलात गोळी सोडून श्यानता काढण्याचा प्रयोग आपण शिकवतो आणि तिथेच थांबतो. एकदा तेच तेल गरम करून गोळीचा वेळ पुन्हा घ्यायला लावा. मग वर्गाला गावातल्या गॅरेजमध्ये न्या आणि उघडलेले डिफरन्शियल दाखवा. मिस्त्रींचा अनुभव मोलाचा असतो. त्याला मुलांनी तापमापकाची जोड द्यावी. “सर्वांत चांगले काय?” असे विचारणारा मुलगा दुकानदाराच्या हाती लागतो. “कशासाठी, किती तापमानाला?” असे विचारणाऱ्याला फसवणे अवघड असते.