एका फेरीचा हट्ट

लकडगंजात लाकूड घ्यायला गेलेलं गिऱ्हाईक भावावर अर्धा तास घालवतं. सागवान कुठलं, वाळलेलं आहे का, घनफुटाचा दर काय, सगळं खोदून विचारतं. माल ठरला की बाहेर उभ्या असलेल्या गाडीवाल्याला मात्र एवढंच म्हणतं, "भाई, एका फेरीत नेशील ना?" आणि भाई बहुतेक वेळा हो म्हणतो. या हो-बद्दल आज आम्हाला बोलायचं आहे.

२००५ साली टाटांची एस गाडी आली आणि लोकांनी तिला छोटा हाथी म्हणायला सुरुवात केली. आपल्या मोहल्ल्यांतली कितीतरी मुलं कर्जावर अशी गाडी घेऊन घर चालवतात. नाव हाथी असलं तरी तिची कुवत साधारण पाऊण टनाची. हौद्यात जागा उरली म्हणजे कुवत उरली, असं नसतं. कुवत कळते ती आरसी बुकातल्या वजाबाकीतून.

समजा, आरसीवर मालासह एकूण वजनाची मर्यादा १,५५० किलो आणि रिकाम्या गाडीचं वजन ८०० किलो आहे. फरक ७५० किलोंचा. रिकाम्या गाडीच्या वजनात चालक धरलेला नसतो. चालक आणि हमाल मिळून १३० किलो धरले तर मालासाठी उरले ६२० किलो. वाळलेलं सागवान घनफुटाला १८ ते २० किलो भरतं. घराच्या चौकटी-दारांसाठी ४० घनफूट घेतलं, तर वजन ८०० किलोंपर्यंत जातं. हौदा अजून भरलेला दिसत नाही, पण गाडी पावणेदोनशे किलोंनी जास्त झाली. लाकूड ओलं असेल तर आणखी जास्त.

लांबीचाही हिशोब आहे. हौदा जेमतेम सात फुटांचा. दहा-बारा फुटी फळ्या मागे लोंबतात. मागच्या चाकांच्या पलीकडचं वजन सी-सॉसारखं काम करतं, म्हणजे मागचा भाग दाबतं आणि पुढची चाकं हलकी करतं. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग नीट ऐकत नाही. ब्रेकची ताकद मात्र तेवढीच राहते, थांबवायचं वजन वाढतं, आणि टायर तापतात.

अमेरिकेतली कुटुंबं पिकअपला चाकांवरचं अख्खं घर जोडून सहलीला जातात. तिथेही हीच चूक होते. गाडी किती वजन ओढू शकते, हा मोठा आकडा जाहिरातीत असतो. पण त्या घराचा साधारण पाचवा भाग पिकअपच्या हौद्यावर टेकतो. घर ५,००० किलोंचं असेल, तर १,००० किलो थेट मागच्या चाकांवर. ओढण्याची ताकद शिल्लक असते, पेलण्याची आधीच संपलेली असते. इंजिनाने ओढलं म्हणजे गाडीने पेललं, असं नाही.

"साहेब, रोज नेतो, काही होत नाही," असं गाडीवाला म्हणतो. तो खोटं बोलत नाही. पण त्याच्या डोक्यावर हप्ता आहे, आणि तो नाही म्हणाला तर शेजारचा नेईल, हे त्याला माहीत आहे. त्याच्या तोंडून हो वदवून घेतो ते आपण, दुसऱ्या फेरीचे पैसे वाचवण्यासाठी. मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ जास्त माल भरलेली गाडी चालवणाऱ्याइतकंच ती चालवायला लावणाऱ्यालाही जबाबदार धरतं. २०१९ च्या सुधारणेनंतर दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये. दंड बहुतेक वेळा भरतो तो मुलगाच. त्याची कित्येक दिवसांची कमाई त्यात जाते. आणि उतारावर ब्रेक लागला नाही, तर जीव त्याचा आणि समोरून येणाऱ्याचा.

अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात एका उंटाची हकीकत आहे. मालक त्याला उपाशी ठेवायचा आणि थकेपर्यंत राबवायचा. प्रेषितांनी (सल्ल.) त्या मालकाला जनावराच्या बाबतीत अल्लाहचं भय बाळगायला सांगितलं. मुक्या जनावरावरच्या ओझ्याचा जिथे जाब आहे, तिथे गाडीत बसलेल्या माणसाचं काय?

म्हणून पुढच्या वेळी लाकूड, विटा किंवा घरसामान नेताना भाड्याआधी वजन विचारू या. टालवाल्याकडून घनफूट लिहून घेऊ या. शंका असेल तर गाडी धर्मकाट्यावर नेऊ या. माल जास्त असेल तर दोन फेऱ्या, नाहीतर मोठी पिकअप, आणि भाडं त्याप्रमाणे. ज्यांच्या घरात गाडी आहे त्या आई-बहिणींनी मुलाला सांगावं की आरसीवरचा आकडा पाहून नाही म्हणायला लाजू नको. तसं म्हणून एखादं भाडं सुटलं, तर त्या दिवशी घरात त्याला बोल लावू नये.

अल्लाह आपल्याला दुसऱ्याच्या कुवतीचा विचार करण्याची तौफीक देवो. आमीन.