साफसफाई घरापुरतीच ठेवूया

दिवाळी जवळ आली की जळमटं काढायची, हे आपल्या हातांना कुणी शिकवावं लागत नाही. इथे जर्मनीत त्याच सुमाराला श्रेबरगार्टनमधलीही कामं निघतात : पानं गोळा करा, वाळलेलं गवत कापा, थंडीच्या आत सगळं कसं नीटनेटकं. माझं म्हणणं एवढंच, की घरातली जळमटं खुशाल काढा, पण बागेतलं सगळं गवत कापू नका.

कारण आहे वेस्पेनश्पिने. गांधीलमाशीसारखी पिवळी-काळी पट्टेरी कोळीण. ऑगस्टमध्ये ती उंच गवतात, जमिनीलगत जाळं विणते. जाळ्याच्या मधोमध वरपासून खाली पांढऱ्या रेशमाची नागमोडी पट्टी असते, शिवणयंत्राच्या झिगझॅग टाक्यासारखी. आपल्याकडची हिची बहीण जाळ्यात फुली काढते, म्हणून तिला सिग्नेचर स्पायडर म्हणतात. ही नक्षी कशासाठी, यावर शास्त्रज्ञ शंभराहून अधिक वर्षं वाद घालताहेत. आधी वाटलं, जाळं मजबूत व्हावं म्हणून. त्यावरूनच 'स्टॅबिलिमेंटम' हे नाव पडलं. मग कुणी म्हणालं, हे रेशीम अतिनील किरण परावर्तित करतं आणि किडे त्याला भुलतात. कुणी म्हणालं, पक्ष्यांनी जाळ्यात घुसू नये म्हणून. (रांगोळी कशासाठी, असं माझी जर्मन शेजारीण दर वर्षी विचारते. मीही दर वर्षी वेगळंच उत्तर देते.)

मला मात्र त्या नक्षीचा एक उपयोग नक्की सापडलाय : कोळीण कुठे राहते ते कळतं. गेल्या वर्षी ते मला ठाऊक असूनही, पाहुणे यायचे म्हणून ऑक्टोबरमध्ये मी कुंपणालगतचं गवत साफ कापलं. कापलेल्या ढिगात सुपारीएवढी तपकिरी कुपी दिसली, एका बाजूने फाटलेली. आत बारीक बारीक पिल्लं. आई थंडीआधीच मरते. शेकडो अंडी या कुपीत ठेवून जाते. पिल्लं शरदातच अंड्यांतून निघतात, पण बाहेर येतात थेट वसंतात. तोवर ती कुपी आणि तिला धरून ठेवणारं गवत हेच त्यांचं घर.

म्हणून पुढच्या उन्हाळ्यात नक्षी दिसली की शेजारी एक काठी रोवा आणि काठीभोवतीचं गवत मेअखेरपर्यंत तसंच राहू द्या. मुलांना लांबून दाखवा. ती माणसाच्या वाटेला जात नाही. बागेच्या संघाने 'गवत वाढलंय' म्हणून चिठ्ठी पाठवली, तर सांगा की 2001 साली हीच 'श्पिने देस यारेस' होती. अशा पदवीपुढे इथला माणूस सहसा नरमतो. आमच्याकडे तरी चिठ्ठ्या थांबल्यात.