मंगोलांचे विजय : घोड्यांचे की प्रशासनाचे?

मंगोलांच्या विजयांचा विषय निघाला की चपळ घोडे, दूर पल्ल्याची धनुष्ये आणि क्रौर्य एवढेच आपल्याला आठवते. परंतु घोडे व धनुष्ये गवताळ प्रदेशातील सर्वच टोळ्यांजवळ शतकानुशतके होती आणि तरीही त्या आपापसांत लढून क्षीण होत राहिल्या. मग तेराव्या शतकात वेगळे काय घडले? माझ्या मते याचे उत्तर प्रशासनात आहे.

१२०६ मध्ये चंगेजखान झालेल्या तेमुजिनने सैन्याची रचना दहा, शंभर व हजारांच्या तुकड्यांत केली. ही पद्धत त्या प्रदेशाला नवी नव्हती. नवे होते ते असे की, पराभूत टोळ्या फोडून त्यांची माणसे त्याने निरनिराळ्या तुकड्यांत विखुरली आणि परस्पर तुकडी बदलण्यास सक्त मनाई केली. सैनिकाची निष्ठा कुळाकडून संघटनेकडे वळली.

नेमणुकांतही कर्तृत्वाला मान मिळाला. जेबे मूळचा शत्रुपक्षाचा, तर सुबुताई लोहाराच्या घरातला. दोघेही अग्रणी सेनापती झाले. १२४१ मध्ये हंगेरीतील मोहीच्या विजयाचा सूत्रधार सुबुताईच होता. तटबंदी फोडण्याची विद्या भटक्यांजवळ नव्हती. ती त्यांनी चिनी व इराणी तंत्रज्ञांकडून निःसंकोच घेतली. ओगताईच्या काळात घोडे बदलण्याच्या ठाण्यांची डाकव्यवस्था पक्की झाली आणि दूरवरच्या फौजांना वेळेवर आज्ञा मिळू लागल्या.

यात क्रौर्याचे समर्थन नाही. १२५८ मध्ये बगदादचा झालेला संहार विसरता येत नाही. पण क्रूर सत्ता अनेक झाल्या. एवढा विस्तार फार थोड्यांना साधला.

भारतात अल्लाउद्दीन खिलजीने त्यांना थोपविले, तेही केवळ शौर्याने नव्हे. घोड्यांना डाग देणे, सैनिकांच्या वर्णनाची नोंद, रोख वेतन आणि ते वेतन पुरावे म्हणून बाजारभावांवर नियंत्रण, अशी त्याची व्यवस्था होती. संघटनेला संघटनेनेच उत्तर मिळाले.

मंगोलांचा कर्तृत्वाचा नियम मात्र सिंहासनापाशी थांबला. ते चंगेजच्या वंशजांसाठीच राखीव राहिले. १२५९ मध्ये मोंगके वारल्यावर भाऊ भावाविरुद्ध उभा ठाकला आणि साम्राज्याची एकजूट संपली.

प्रशासकीय सुधारणांची चर्चा करताना आपण नवी साधने आधी मागतो आणि नेमणुकांचा प्रश्न पुढे ढकलतो. क्रम उलटा असावा, आणि नियम वरपासून लागू व्हावा, असे मला वाटते.