नवीन गाणं पहिल्यांदा कुणी गायचं?

मंडळी, 'जुनं ते सोनं' हे आपण उठता-बसता म्हणतो. पण ते सोनं कधीतरी नवीन होतं आणि कुणीतरी ते पहिल्यांदा कसाला लावून पाहिलं होतं, हे सोयीस्करपणे विसरतो.

हे सुचायचं कारण बीबीसी सिंगर्स. १९२४ साली सुरू झालेला, वीस पगारी गायकांचा हा वृंद. ब्रिटनमधला पूर्ण वेळ व्यावसायिक असा हा एकच छोटा गायकवृंद. शंभरी एका वर्षावर आली असताना, मार्च २०२३ मध्ये बीबीसीने तो बंद करायचं जाहीर केलं. लाखाहून जास्त लोकांनी निषेधाच्या सह्या केल्या, संगीतकार खवळले आणि त्याच महिन्यात निर्णय स्थगित झाला. २०२४ मध्ये वृंद टिकवण्याचा मार्गही निघाला.

"मग सुटला की प्रश्न! तुम्ही कशाला उकरून काढताय, बाई?" आमचे एक स्नेही म्हणाले. गृहस्थ हिशेबातले. त्यांचं म्हणणं, "वीस माणसं पोसायची, ती न कळणारं नवीन काहीतरी गाणार, ऐकणार मूठभर. त्यापेक्षा हौशी मंडळी फुकट गातात की!"

संस्था वाचली, पण हा युक्तिवाद अजून शाबूत आहे. म्हणून हा खटाटोप.

पहिलं हौशी मंडळींबद्दल. आपल्या भजनात बुवा ओळ सांगतात आणि बाकीचे मागून एका सुरात म्हणतात. शेजारचा चुकला तर आपण सावरून घेतो. ह्या वृंदगायनात एकाच वेळी आठ-आठ, बारा-बारा वेगवेगळ्या ओळी चालतात, पुष्कळदा साथीला पेटीसुद्धा नसते. एकेका ओळीला एखाद-दोनच गळे. शेजारी मुद्दामच वेगळा स्वर लावतोय आणि आपला सोडायचा नाही! त्यात रचना नवी, म्हणजे आधी कुणाचं ऐकून शिकायची सोय नाही. स्वरलिपी समोर ठेवून थोडक्या तालमींत ती उभी करायची. हे रोजच्या मेहनतीचं काम आहे. हौशी मंडळी ती रचना गातात ती नंतर, ह्या लोकांनी वाट पाडल्यावर.

दुसरं, मूठभर श्रोत्यांबद्दल. २३ फेब्रुवारी १९३४ ला इंग्लंडचे थोर संगीतकार एल्गर वारले. त्याच दिवशी बीबीसीच्या ह्याच परंपरेतल्या गायकांनी एका वीस वर्षांच्या पोराची रचना रेडिओवर पहिल्यांदा गायली. पोराचं नाव बेंजामिन ब्रिटन. पुढे तो केवढा झाला, हे सांगायला नको. त्या दिवशी कुणी हिशेबाची वही उघडून बसलं असतं तर?

आणि पुलांकची गोष्ट तर ऐकाच. पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना, १९४३ मध्ये, ह्या फ्रेंच संगीतकाराने पॉल एल्युआरच्या कवितांना चाली दिल्या. शेवटची कविता स्वातंत्र्यावरची. दोन वृंद, प्रत्येकात सहा ओळी, साथीला एकही वाद्य नाही. त्याच्या देशात तेव्हा हे उघडपणे गाणं शक्यच नव्हतं. मार्च १९४५ मध्ये, युद्ध संपलेलं नसताना, ते पहिल्यांदा गायलं गेलं ते लंडनला, बीबीसीच्याच गायकांकडून, इंग्रजी भाषांतरात. बारा ओळी पेलणारे गळे तयार होते म्हणून. असे गळे जाहिरात देऊन आठवड्यात गोळा होत नाहीत.

आता एक कबूल करते. ह्यातल्या बहुतेक नव्या रचना लोक विसरतील, काही तर विसरण्याच्याच लायकीच्या असतील. असू देत. चाळीस मुलांच्या वर्गात कवी एखादाच निघतो, म्हणून निबंधाच्या वह्या तपासायच्या थांबवतो का आपण? तो एक कोण, हे आधी कळत नाही. सगळी गोम इथेच आहे.

आपल्याकडे तर सगळा आनंदच. शाळाशाळांतून १५ ऑगस्टला तीच चार समूहगीतं, माझ्या नोकरीभर तीच. नवीन बसवू म्हटलं की उत्तर ठरलेलं, "वेळ कुठे आहे?" मग आपणच म्हणायचं, हल्ली चांगली गाणी होत नाहीत. होतील कशी? गाणं कागदावर होत नसतं, ते गळ्यात होतं. गळेच ठेवले नाहीत तर लिहिणारा लिहील कुणासाठी?

स्नेह्यांना हे सगळं ऐकवलं. ते म्हणाले, "पण खर्च होतोच ना?" होतो. बियाण्याचाही होतो. ते दळून खाल्लं तर एक दिवस भाकरी होते, पुढच्या सुगीचं काय ते हिशेबनीसांनी सांगावं.