प्रवासांतील पानें : ओबिन्यीचीं लांकडी घरें

फ्रान्सच्या मध्यभागीं, बूर्ज शहराच्या उत्तरेस सुमारें 45 किलोमीटरांवर, ओबिन्यी-सुर-नेर नांवाचें एक लहानसें जुनें गांव आहे. नेर ही तेथील चिमुकली नदी. आम्ही पोहोंचलों तो जुलैचा मध्य होता. गांवांत पाऊल टाकतांच कानीं आला तो बॅगपाइपचा सूर! चौकड्यांचे घागऱ्यासारखे झगे नेसलेले पुरुष वाजवीत चालले होते. सूनबाईनें हंसून विचारलें, "मामंजी, आपण चुकून स्कॉटलंडास तर नाहीं ना आलों?"

प्रश्न थट्टेचा; उत्तर मात्र सहाशें वर्षें जुनें आहे. इंग्रजांनीं फ्रान्सचा बराच मुलूख गिळला होता, तेव्हां स्कॉटलंडचे हजारों शिपाई फ्रेंच युवराजाच्या मदतीस धांवले. 1421 सालीं बोझे येथें त्यांनीं इंग्रजांस धूळ चारली. युवराज पुढें सातवा चार्लस म्हणून गादीवर आला, आणि 1423 सालीं त्यानें या स्कॉटिश सैन्यांतील डार्नलीचा जॉन स्टुअर्ट यास ओबिन्यीची जहागीर दिली. तिचें सुख त्यास फार दिवस लाभलें नाहीं. 1429 सालीं ऑर्लेआं शहराजवळ, रूव्रेच्या लढाईंत तो पडला. घराण्याकडे मात्र ही जहागीर 1672 पर्यंत राहिली.

परक्या सरदाराकडे गांव गेलें म्हणजे रयतेच्या वांट्यास बहुधा काय येतें, हें आपल्या वाचकांस सांगावयास नको. म्हणूनच मला लढायांपेक्षां 1512 सालची हकीकत मोलाची वाटते. त्या वर्षीं भयंकर आग लागली आणि बहुतेक गांव जळून गेलें. त्या वेळचा जहागीरदार रोबेर स्टुअर्ट यानें आपल्या रानांतील लांकूड गांवकऱ्यांस घरें बांधण्यासाठीं दिलें. त्या वेळचीं कित्येक घरें अद्यापि उभीं आहेत. तुळयांचा उभा-आडवा सांगाडा दर्शनी भिंतींत उघडा दिसतो. कांहीं घरांचा वरचा मजला रस्त्यावर हातभर पुढें आलेला आहे. एका खांबावर हात ठेवून सूनबाई बराच वेळ उभी होती. "हें आपल्या जुन्या वाड्यासारखेंच कीं!" ती म्हणाली.

स्टुअर्टांच्या वाड्यांत आतां नगरपालिकेची कचेरी आहे. त्यांचा वंश खुंटल्यावर चौदाव्या लुईनें 1673 सालीं ही जहागीर इंग्लंडच्या दुसऱ्या चार्लसची प्रिया लुईज द केरुआल हिला दिली. तें प्रकरण येथेंच आटोपतों, कारण हें मासिक घरांतील लहानथोर सर्वच वाचतात.

गांवांत जुलैमध्यें भरणारा फ्रेंच-स्कॉटिश उत्सव मला कांहींसा नाटकी वाटला, हें कबूल करतों. तो अलीकडचा आहे. लांकूड मात्र खरोखरीच त्या स्टुअर्टाच्या रानांतलें.

सायंकाळीं बूर्जची मोटार गांठावयास निघालों, तों पावसाची सर आली. बाजेवाले वाजविणें थांबवून, बाजे छातीशीं धरून, त्यांतल्याच एका घराच्या पुढें आलेल्या मजल्याखालीं दाटीनें उभे राहिले होते. आम्हांसही त्यांनीं सरकून जागा दिली.